पत्ता मागून वाचावा

फिशिंग म्हणजे दुसऱ्याच्या नावाने ईमेल किंवा मेसेज पाठवून माणसाला बनावट पानावर नेणे आणि तिथे त्याच्याच हाताने पासवर्ड, कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी टाकून घेणे. यासाठी बँकेची यंत्रणा फोडावी लागत नाही, की कुणाच्या मोबाईलला हात लावावा लागत नाही. खातेदार स्वतःच सगळे सांगून मोकळा होतो. त्यामुळे बचाव दोन प्रश्नांवर येऊन ठेपतो: आलेला संदेश खरा आहे का, आणि उघडलेले पान ज्याचे म्हणवते त्याचेच आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दर वेळी खात्रीने देता येत नाही. दुसऱ्याचे मात्र जवळजवळ नेहमीच देता येते, आणि तेवढे पुरते.

पूर्व नागपुरातल्या नंदनवनसारख्या वस्तीत नोकरदार, पेन्शनर, दुकानदार, कॉलेजची मुले असे सगळेच राहतात, आणि प्रत्येकासाठी आमिष निराळे असते. २०२२च्या सुमारास देशभर एक मेसेज फिरला: मागच्या महिन्याचे बिल अपडेट झालेले नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, ताबडतोब अमुक नंबरवर फोन करा. महाराष्ट्रात तो महावितरणच्या नावाने आला. महावितरणने तेव्हा वारंवार सांगितले की कंपनीचे मेसेज खासगी मोबाईल नंबरवरून येत नाहीत. पाठवणाऱ्याच्या जागी ‘व्हीएम-एमएसईडीसीएल’ यासारखी अक्षरे असतात. पण रात्री घरात अंधार होणार या धास्तीने माणूस नंबर बघत बसत नाही, फोन लावतो.

ही आमिषे सरकारी वेळापत्रकाला धरून येतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. नोव्हेंबर आला की पेन्शनरांना हयातीच्या दाखल्याची लिंक येते, कारण तो महिना दाखला देण्याचा असतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाली, मुदती जाहीर झाल्या आणि लगेच प्लेट बुक करण्याच्या बनावट वेबसाइट उभ्या राहिल्या. वाहतुकीचे चलन मोबाईलवर येण्याची सवय लोकांना लागली, तेव्हा ‘आरटीओ चलन’ नावाची फाईल व्हॉट्सअॅपवर फिरू लागली. सप्टेंबर २०२५मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी बंधनकारक झाले. दरमहा १५०० रुपये थांबतील या काळजीने बायका मोबाईलवर योजनेची साइट शोधू लागल्या, आणि शोधताना बनावट पानेही समोर येऊ लागली. सरकारला खऱ्या पत्त्याबाबत जाहीर सूचना द्यावी लागली. ज्या कामाची मुदत जवळ आलेली असते, त्याच कामाच्या लिंकबद्दल त्या दिवसांत सर्वांत जास्त सावध राहायला हवे.

संदेश ओळखण्याची जी लक्षणे वर्षानुवर्षे सांगितली गेली, त्यांतली काही आता निकामी झाली आहेत. चुकीची भाषा आणि वाकडेतिकडे व्याकरण हे त्यांतले पहिले. आता यंत्राकडून शुद्ध मराठीत पत्र लिहून घेता येते. बँकेचे बोधचिन्ह, रंग, पायाशी छापलेला नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता हे सगळे खऱ्या पानावरून जसेच्या तसे उचलता येते. चांगले मराठी आता खरेपणाचा पुरावा राहिलेले नाही. टिकून राहिलेले लक्षण एकच, आणि ते मजकुराच्या हेतूत असते: भीती किंवा लोभ दाखवायचा, वेळ कमी द्यायचा आणि त्याच मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवायला लावायचे. बँकेला केवायसी हवी असेल तर ती शाखेत किंवा बँकेच्या अॅपमध्येही होते. फक्त या लिंकवर आणि फक्त आज रात्रीपर्यंत, असे कोणतीही बँक म्हणत नाही.

ईमेलच्या बाबतीत पाठवणाऱ्याचे नाव आणि पाठवणाऱ्याचा पत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नाव कुणालाही काहीही टाकता येते. ‘स्टेट बँक ग्राहक सेवा’ असे ठळक अक्षरांत दिसते आणि प्रत्यक्ष मेल कुठल्याशा अनोळखी नावाच्या साध्या खात्यावरून आलेला असतो. मोबाईलवर तर बहुतेक वेळा नावच दिसते, पत्ता झाकलेला राहतो. जीमेलमध्ये नावाखालच्या छोट्या बाणावर बोट ठेवले की पूर्ण पत्ता उघडतो. संगणकावर त्याच ठिकाणी मेल कोणत्या डोमेनवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या कोणत्या नोंदणीकृत नावावरून निघाला आणि त्यावर कोणाची डिजिटल सही आहे, याच्याही ओळी दिसतात. बँकेच्या नावाने आलेल्या मेलवर सही बँकेच्या डोमेनची नसेल, तर पुढे वाचण्याचे कारण उरत नाही. मात्र उलटे खरे मानू नये. ओळखीच्या माणसाचे खाते आधीच चोरीला गेलेले असेल तर मेल त्याच्याच खऱ्या पत्त्यावरून येतो आणि सगळ्या कसोट्यांना उतरतो.

शिकलेली, सावध माणसेही यात फसतात. मार्च २०१६मध्ये हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना गूगलच्या नावाने मेल आला: तुमचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला आहे, तो लगेच बदला. मेल मोहिमेतल्या तंत्रज्ञाकडे तपासायला गेला. त्याने उत्तरात तो मेल खरा असल्याचे लिहिले. ते लिहिताना शब्द चुकला, असे त्याने नंतर सांगितले. त्याच उत्तरात त्याने पासवर्ड बदलण्यासाठी गूगलची खरी लिंकही दिली होती. पण वापरली गेली ती मूळ मेलमधली. हजारो पत्रे बाहेर गेली. पत्र खरे की खोटे यावर सगळी भिस्त ठेवली तर एका शब्दाच्या चुकीने एवढे होते. मेलमधली लिंक न वापरता स्वतः जाऊन पासवर्ड बदलला असता, तर मेल खोटा असूनही काही बिघडले नसते.

आता दुसरा प्रश्न. उघडलेल्या पानावरचे सगळे काही नकली असू शकते. नक्कल करता येत नाही ती वरच्या पट्टीतल्या पत्त्यातल्या नेमक्या एका भागाची. पत्ता वाचायचा तो मागून. टपालाच्या पाकिटावर ‘नंदनवन’ ठळक अक्षरांत लिहिले, तरी खालच्या ओळीत छत्रपती संभाजीनगर असेल तर पत्र तिकडच्या नंदनवन कॉलनीत जाते, नागपूरला येत नाही. वेबसाइटच्या पत्त्यातही निर्णय शेवटचा भाग करतो. ‘एचटीटीपीएस’ आणि दोन तिरक्या रेघा सोडून द्याव्यात. त्यानंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिथे थांबावे आणि तिथून डावीकडे यावे. शेवटचा तुकडा आणि त्याच्या अलीकडचे नाव मिळून मालक ठरतो. ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट को डॉट इन’ असेल तर ते दोन्ही तुकडे मिळून शेवट समजावा. त्याच्याही डावीकडे काय लिहायचे, हे पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर असते.

महावितरणचा पत्ता ‘महाडिस्कॉम डॉट इन’ असा आहे. समजा, लिंकमध्ये ‘महाडिस्कॉम डॉट इन डॉट बिल-अपडेट डॉट टॉप’ असे दिसले. पुढून वाचणाऱ्याला महाडिस्कॉम डॉट इन भेटते आणि तो निश्चिंत होतो. मागून वाचले की कळते, या पानाचा मालक ‘बिल-अपडेट डॉट टॉप’ आहे आणि महाडिस्कॉम हे नुसते पुढे डकवलेले नाव आहे. जोडरेघेचेही तसेच: ‘महाडिस्कॉम-बिल डॉट इन’ हे महाडिस्कॉमचे अंग नव्हे, कुणीही काही रुपयांत घेतलेले स्वतंत्र नाव आहे. तिरक्या रेघेनंतर महाडिस्कॉम लिहिलेले असेल तर त्याला काहीच अर्थ नाही. मोबाईलची पट्टी अरुंद असते, लांब पत्त्याचा काही भागच तिच्यात मावतो आणि निर्णायक तुकडा नेमका नजरेआड राहू शकतो; म्हणून पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता उघडून पाहावा. लिंक लहान करून देणाऱ्या सेवांचे पत्ते तर काहीच सांगत नाहीत.

सरकारी कामासाठी यातून एक सोपी कसोटी मिळते. ‘डॉट गव्ह डॉट इन’ हा शेवट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रामार्फत केवळ सरकारी संस्थांनाच मिळतो. लाडकी बहीण योजनेचे खरे पान ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ याखाली आहे. गंमत अशी की तिथे ‘लाडकी’चे इंग्रजी स्पेलिंग ‘डी’नंतर एक जादा ‘ए’ घेऊन येते. स्पेलिंगकडे बघणारी व्यक्ती खऱ्या पानालाच बनावट समजू शकते, आणि नीट स्पेलिंग असलेल्या बनावट पानाला खरे. शेवट बघणाऱ्याचा असा घोळ होत नाही. परिवहन खाते, नागपूर महापालिका, हयातीचा दाखला देणारे जीवन प्रमाण यांचीही पाने याच शेवटाखाली आहेत. सरकारनेही पूर्वीपासून सगळ्या सेवा याच एका शेवटाखाली ठेवल्या असत्या, तर लोकांना ही खूण केव्हाच पाठ झाली असती; ‘डॉट ओआरजी’, ‘डॉट कॉम’ अशा पत्त्यांवर चालणाऱ्या सरकारी आणि निमसरकारी सेवांनी ग्राहकाला बरेच गोंधळात टाकले आहे.

बँकांसाठी अशी खूण आता तयार झाली आहे. फेब्रुवारी २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हा स्वतंत्र शेवट जाहीर केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत सगळ्या बँकांनी त्यावर यावे, असा आदेश दिला. ही नावे देण्याचा अधिकार हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’ या रिझर्व्ह बँकेने स्थापलेल्या संस्थेलाच आहे. स्टेट बँक ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’वर आहे. भामट्याला ‘एसबीआय-केवायसी डॉट कॉम’ विकत मिळेल, ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारे नाव मिळणार नाही. त्यामुळे नेटबँकिंगचे पान उघडले की पासवर्ड टाकण्याआधी पत्त्याचा शेवट हाच आहे ना, हे पाहावे. मेसेजसाठीही अशीच सोय आहे: २०२५पासून व्यावसायिक मेसेजच्या पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी जाहिरातीसाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि सरकारी संदेशासाठी जी अशी अक्षरे लागतात. दहा आकडी साध्या नंबरवरून ‘बँकेचा’ मेसेज आला तर तो बँकेचा नाही.

कुलपाच्या चित्राबद्दलचा जुना सल्ला मात्र सोडून द्यायला हवा. पट्टीतल्या कुलपाचा अर्थ इतकाच की मोबाईल आणि त्या वेबसाइटमधला संवाद मधल्या कुणाला वाचता येणार नाही. ती वेबसाइट चोराची असेल तर चोराशी चाललेला संवाद सुरक्षित, एवढेच. कुलपासाठी लागणारे प्रमाणपत्र गेली अनेक वर्षे फुकट मिळते आणि बनावट साइट ते सर्रास घेतात. लोक कुलपाला खरेपणाची खूण समजतात हे पाहून गूगलने सप्टेंबर २०२३मध्ये क्रोम ब्राउझरमधून कुलपाचे चित्रच काढून टाकले.

अक्षरांची हातचलाखी हा आणखी एक प्रकार. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी, ‘एल’च्या जागी एकचा आकडा, ‘ओ’च्या जागी शून्य. रशियन लिपीतला ‘अ’ तर इंग्रजी ‘ए’सारखाच दिसतो, २०१७मध्ये एका संशोधकाने रशियन लिपीतली अक्षरे वापरून अॅपल कंपनीचा हुबेहूब दिसणारा पत्ता नोंदवून दाखवला होता. ब्राउझर आता असे बरेच पत्ते उघडे पाडतात, तरी डोळ्यांवर फार विसंबू नये. इथे पासवर्ड सांभाळणारे अॅप किंवा ब्राउझरमधली पासवर्ड जपण्याची सोय जास्त भरवशाची. ती पान कसे दिसते हे पाहत नाही, पत्ता अक्षरन् अक्षर जुळला तरच पासवर्ड भरते. रोज आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर तो हाताने टाकण्याआधी पत्ता नीट पाहावा.

काही साइट कुणाची नक्कल करत नाहीत, मुळातच खोट्या असतात. गुंतवणूक, ट्रेडिंग, ऑनलाइन जुगार यांत हा प्रकार चालतो. जुलै २०२३मध्ये नागपुरात उघडकीस आलेल्या प्रकरणात एका व्यापाऱ्याने तक्रार केली की व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकने त्याचे जुगाराचे खाते उघडून दिले गेले, आधी सुमारे पाच कोटी जिंकल्याचे दिसले आणि मग ५८ कोटी रुपये गेले. पोलिसांनी गोंदियातील संशयिताच्या घरी छापा घालून कोट्यवधींची रोकड आणि सोने जप्त केले. अशा पानावर दिसणारे आकडे चालवणाऱ्याच्या हातात असतात; नफा म्हणून दाखवलेली रक्कम म्हणजे नुसती पडद्यावरची अक्षरे असू शकतात. पत्ता नीट वाचून इथे उपयोग नसतो. गुंतवणुकीसाठी पैसे घेणारी संस्था सेबी या बाजार नियामक संस्थेकडे नोंदलेली आहे का, हे सेबीच्या साइटवर पाहावे लागते.

ओटीपी असल्यामुळे आपण सुरक्षित आहोत, हा समज बऱ्याच घरांत आहे. बनावट पान पासवर्ड मागते तेव्हा मागे बसलेला माणूस किंवा प्रोग्रॅम तोच पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या बँकेत टाकतो. बँक ओटीपी पाठवते. तो खऱ्या बँकेचाच असतो, त्यामुळे शंका येत नाही. बनावट पान ओटीपीही मागून घेते आणि अर्ध्या मिनिटात पैसे कटतात. चलन किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या ‘एपीके’ फायलींना तर एवढीही खटपट लागत नाही. ते अॅप मोबाईलमध्ये बसताना मेसेज वाचण्याची परवानगी मागते, ती मिळाली की ओटीपी परस्पर पुढे जातात. पत्रिका किंवा पावती बघण्यासाठी अॅप बसवावे लागत नाही. खरे चलन एपीके म्हणून येत नाही.

यावर तांत्रिक उपाय आहे तो पासकी किंवा यूएसबीवर लावायच्या सुरक्षा-किल्लीचा. त्यातली गुप्त खूण ज्या पत्त्यासाठी तयार झाली त्याच पत्त्याला उत्तर देते; बनावट पानाने मागितले तरी देण्यासारखे काही नसते, आणि माणसाला फसवूनही ती काढून घेता येत नाही. गूगलने २०१७च्या सुरुवातीपासून आपल्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या सक्तीच्या केल्या. त्यानंतर कामाच्या एकाही खात्यावर फिशिंगने ताबा गेल्याचे आढळले नाही, असे कंपनीने २०१८मध्ये सांगितले. सामान्य माणसाने निदान मुख्य ईमेल खात्याला पासकी लावावी. बाकीच्या बहुतेक खात्यांचा ‘पासवर्ड विसरलो’चा मेल तिथेच येतो, म्हणून ते एक खाते गेले की मागोमाग इतरही जातात.

चूक झालीच तर सर्वांत मोलाची गोष्ट वेळ आहे. लाजेने किंवा घरचे रागावतील म्हणून रात्र काढणे फार महागात पडते. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच फोन करावा. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यांतून पुढे सरकत असतील तिथे ते गोठवण्यासाठी संबंधित बँकांना कळवले जाते. पैसे पुढच्या खात्यांत पांगले किंवा एटीएममधून निघाले की ते परत येणे अवघड होते. सोबतच बँकेला कळवून खाते आणि कार्ड बंद करावे. ईमेल खाते गेले असेल तर दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलावा, सगळीकडचे लॉगिन बंद करावे, आणि सेटिंगमध्ये जाऊन मेल परस्पर पुढे पाठवण्याचा नियम कुणी लावून ठेवला आहे का, हे पाहावे. ही शेवटची गोष्ट बहुतेकांकडून राहून जाते, आणि पासवर्ड बदलल्यानंतरही चोर पत्रे वाचत राहतो.

तक्रार नंदनवन पोलीस ठाण्यात, नागपूरच्या सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर देता येते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार गुन्हा कुठेही घडलेला असला तरी पोलीस ठाण्याला हद्दीचे कारण सांगून दखलपात्र गुन्ह्याची माहिती नाकारता येत नाही. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणूक करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

पैशांची जबाबदारी कोणाची, हे रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने ठरवून दिले. चूक ग्राहकाचीही नसेल आणि बँकेचीही नसेल, तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर काहीच बोजा येत नाही; चार ते सात दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंतची मर्यादा आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, ही तरतूद फार थोड्या ग्राहकांना माहीत असते.

ग्राहकाने मेलला उत्तर दिले म्हणजे बँक सुटली, असेही नाही. पूना ऑटो अॅन्सिलरीज या पुण्याच्या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८० लाख १० हजार रुपये गेले, कारण कंपनीच्या प्रमुखांनी फिशिंग मेलला प्रतिसाद दिला होता. हे प्रकरण राज्याचे तत्कालीन माहिती तंत्रज्ञान सचिव राजेश अग्रवाल यांच्यासमोर चालले. माहिती तंत्रज्ञान कायद्याने राज्याच्या या सचिवांना निवाडा अधिकारी नेमले आहे आणि पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे त्यांच्याकडे करता येतात. २०१३मध्ये त्यांनी निकाल दिला. मेलला उत्तर दिल्याची जबाबदारी कंपनीवर ठेवली, पण फसवणुकीसाठी उघडलेली खाती पुरेशी तपासणी न करता चालू दिल्याबद्दल बँकेला निष्काळजी ठरवले आणि ४५ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. असा अर्ज आजही मंत्रालयातील या निवाडा अधिकाऱ्यांकडे करता येतो, आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध दिल्लीतील दूरसंचार तंटा निवारण व अपील न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.